रूथबाईंचे पाय

ऑर्गनवर बसण्याआधी रूथबाई भालेराव चपला काढून ठेवायच्या. त्या चर्चमध्ये बाकी सगळे पायांत बूट-चपला घालूनच बसत, त्यामुळे माझ्यासारख्या देवळात जाणाऱ्या माणसाला ते आधी भक्तीचं वाटलं. तसं काही नव्हतं. त्यांच्या ऑर्गनला हातांसाठी पट्ट्यांच्या दोन ओळी होत्या आणि खाली पायांसाठी लांब लाकडी पट्ट्या. जाडे, घुमणारे सूर डाव्या पायाने वाजवायचे. उजव्या पायाखाली एक लोखंडी पायडल असे, ते दाबलं की आवाज मोठा होई, सैल सोडलं की बारीक. बाई म्हणायच्या, "चप्पल घालून वाजवायचं म्हणजे हातमोजे घालून भाकरी थापायची." नाशिकच्या डिसेंबरातल्या सकाळीही, जेव्हा दगडी फरशीवर पाऊल टेकवत नाही, तेव्हाही त्या अनवाणी बसायच्या.

हे लिहितोय ते बाईंची ओळख करून द्यायला. पण त्या ओळखीत माझी एक चूक येतेच, ती शेवटापर्यंत लपवून ठेवण्यात अर्थ नाही. बाईंच्या पायांना त्या ऑर्गनमधून वीज लागत होती आणि मी त्यांना रक्तातली साखर तपासायला पाठवलं.

आमची पहिली भेट नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची. मी सातपूरला एका कंपनीत मेंटेनन्सला होतो आणि सुटीच्या दिवशी ऑर्केस्ट्रावाल्यांचे कीबोर्ड, अँप्लिफायर दुरुस्त करायचो. चर्चचं काम पाहणारे याकोबदादा मला शोधत आले. साफसफाई, घंटा, दिवे, कुलूप सगळं त्यांच्याकडे. "आमच्या बाईंची पेटी लय खरखर करती," म्हणाले. मी हत्यारांची पिशवी घेऊन गेलो. पांढऱ्या सुती साडीतल्या, बारीक अंगाच्या, जाड चष्म्याच्या एक बाई ऑर्गनजवळ उभ्या होत्या.

"मिस्त्री, तुम्हाला हे येतं का?"

"मी मिस्त्री नाही. कंपनीत आहे. डिप्लोमा झालाय माझा."

"बरं. मग डिप्लोमावाल्यांना हे येतं का?"

मला राग आला होता, पण मागची फळी काढली आणि राग विसरलो. आत काचेचे व्हॉल्व्ह ओळीने उभे होते, कापडी वेष्टणाच्या तारा, आणि सगळ्यावर जुन्या लाकडाचा आणि गरम धुळीचा वास. कुणा मिशनरी बाईंनी मायदेशी परतताना तो ऑर्गन चर्चला दिला होता. तिकडची वीज आपल्यापेक्षा कमी दाबाची, म्हणून भिंतीवरचा पॉइंट आणि ऑर्गन यांच्यामध्ये एक जड लोखंडी डबा होता, दाब कमी करणारा. प्लग दोन पिनांचा. अर्थिंगची तिसरी तार नव्हतीच. ते मी पाहिलं होतं. जुन्या यंत्रांना नसतेच, म्हणून पुढे गेलो. हेही इथेच लिहून ठेवतो.

खरखर गेली. मुके झालेले सूर बोलायला लागले. बाईंनी वाजवून पाहिलं आणि म्हणाल्या, "विलास, तू रविवारी ये. सगळे गात असताना ऐक. रिकाम्या चर्चमध्ये कुठलीही पेटी चांगलीच वाजते." अहो-जाहो पहिल्याच दिवशी संपलं.

त्या मुलींच्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या. लग्न केलं नव्हतं. त्यांना स्वतःला अजिबात गाता येत नसे, आणि ते त्या स्वतःच सांगत. "हा गळा मला वर्गात ओरडायला दिलाय, गायला नाही." पण माणसं गात असताना त्यांच्यासोबत कसं राहायचं हे त्यांच्याइतकं मी कुणाकडे पाहिलं नाही. चर्चमधल्या म्हाताऱ्या बायका प्रत्येक ओळीच्या शेवटी रेंगाळायच्या. बाई त्यांना ओढायच्या नाहीत आणि थांबायच्याही नाहीत. "लोकांच्या मागून फरफटत जायचं नाही आणि पुढेही पळायचं नाही. बाजूने चालायचं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगणाऱ्या माणसाला त्या 'पट्टी अडकलेला' म्हणायच्या. प्रवचन लांबलं की बाहेर पायरीवर आल्यावर हळूच म्हणत, "पाळकसाहेबांची आज पट्टी अडकली होती." पाळकसाहेब मागेच उभे असत. तेही हसत.

मी वरचेवर जाऊ लागलो. काम नसलं तरी जायचो. माझी आई गावाकडे दिंडोरीला, मी सातपूरला एका खोलीत. बाईंच्या घरी चहा मिळायचा आणि कुणीतरी आपल्याला अडाण्यासारखं नाही, विद्यार्थ्यासारखं रागवायचं. मला ते हवं होतं.

एकदा चहा ओतताना त्या म्हणाल्या, "हल्ली वाजवताना डाव्या पायाला मुंग्या येतात रे. कधी तर पोटरीपर्यंत चढतात."

मी दुसऱ्याच दिवशी कंपनीतला मीटर घेऊन गेलो. प्लग लावला, ऑर्गन चालू केला, लोखंडी पायडल, पट्ट्यांखालची चौकट, मागची फ्रेम, सगळीकडे तपासलं. मीटर शून्य. टेस्टर लावला, दिवा नाही. शाळेतल्या पोराने गणित बरोबर आल्यावर पाटी पुढे करावी तसा मी मीटर त्यांच्यापुढे केला. "बाई, ऑर्गनमध्ये काही नाही. तुम्ही एकदा साखर तपासून घ्या. माझ्या मामांना अशाच मुंग्या यायच्या."

त्यांनी तपासली. डॉक्टर म्हणाले, अगदी सीमेवर आहे, गोड कमी करा. बाई हसत सांगायच्या, "आमची साखर सीमेवर पहाऱ्याला आहे." पण त्यांनी चहातली साखर सोडली, नाताळच्या करंज्या सोडल्या, आणि मुंग्या येतच राहिल्या. कधी एक-दोन रविवार काही नाही, मग पुन्हा. मी आणखी दोन वेळा मीटर लावला. दोन्ही वेळा शून्य. शेवटच्या वेळी मी जरा वैतागूनच म्हणालो, "बाई, यंत्र खोटं बोलत नाही."

"नाही, नाही. तू म्हणतोस ते बरोबरच असणार," त्या म्हणाल्या आणि आपल्या पावलांकडे पाहत राहिल्या. ते पाहणं मला आजही आठवतं. वर्षानुवर्षं हुशार म्हणून ओळखलेल्या मुलीने अचानक नापास व्हावं आणि शिक्षिकेने तिच्याकडे पाहावं, तसं होतं ते.

त्या चुकीने काय झालं तेही बघा. बाईंचा पाय चुकायला लागला. वीज लागेल म्हणून नव्हे, आपला पाय आता आपला राहिला नाही या धास्तीने. सूर उशिरा यायचा. स्वतःचं वाजवणं त्या कुणाहीपेक्षा कडक कानाने ऐकायच्या. एके दिवशी त्यांनी पाळकसाहेबांना सांगून टाकलं, की ईस्टरनंतर मी थांबते. "पाय दगा देतायत. माझ्यापायी सगळ्यांचं गाणं लंगडायला नको." मंडळीत सुनील नावाचा बँकेत लागलेला एक तरुण होता, कीबोर्ड छान वाजवायचा. त्याच्यासाठी नवा कीबोर्ड घ्यायचं ठरलं.

मला बाईंनीच सांगितलं, आणि मला वाईट वाटलं. पण वाईट वाटण्यापलीकडे मी काही केलं नाही.

ईस्टरच्या सकाळी मी मागच्या बाकावर जाऊन बसलो. लवकरच गेलो होतो, चर्च रिकामं होतं. याकोबदादांनी ओल्या फडक्याने ऑर्गनखालची फरशी पुसली. मग भिंतीशी वाकले आणि प्लग लावला. विजा पडतील म्हणून प्रार्थना संपली की ते प्लग काढून ठेवत आणि पुढच्या रविवारी परत लावत, हे मला माहीत होतं. मी त्याच्याकडे कधी लक्ष दिलं नव्हतं.

बाई वाजवायला लागल्या. मी गाणं ऐकत नव्हतो, त्यांचे पाय पाहत होतो. म्हटलं, शेवटचं पाहून घ्यावं. उजवा पाय लोखंडी पायडलवर होता. डावा लाकडी पट्टीवरून पट्टीवर फिरत होता. मध्ये विसावा आला की डावा पाय खाली फरशीवर टेकायचा, आणि टेकला की लगेच उचलला जायचा. तापल्या तव्याला बोट लागावं तसा. पुन्हा टेकला, पुन्हा उचलला. पट्टीवर असताना मात्र शांत.

कंपनीत एखादं मशीन बंद पडलं की मी आधी ऑपरेटरला विचारायचो: कधी बंद पडतं? कुठला जॉब लावल्यावर? सकाळी की दुपारी? मीटर त्यानंतर. तेच माझं शिक्षण होतं. बाईंना मी यातलं काहीच विचारलं नव्हतं.

प्रार्थना संपली. बाईंना शाल दिली, पुष्पगुच्छ दिला, पाळकसाहेब चार शब्द बोलले, बायका रडल्या. मी गर्दी ओसरायची वाट पाहिली नाही, तसाच घुसलो.

"बाई, घरी मुंग्या येतात का?"

"घरी कुठे?" त्या म्हणाल्या. "घरी मी ऑर्गन कुठे वाजवते?"

त्यांनी हे इतकं साधेपणाने म्हटलं, की आपण काय बोललो हे त्यांच्या ध्यानात यायला एक क्षण लागला. मग त्या माझ्याकडे पाहतच राहिल्या.

मी पायांतले बूट काढले. कंपनीचे जाड रबरी तळाचे सेफ्टी शूज. आजवर ऑर्गनला हात लावला तो त्यांच्यावर उभं राहूनच. याकोबदादा प्लग काढायला वाकले होते, त्यांना म्हटलं, "राहू द्या, तसाच राहू द्या." मग टेस्टर पायडलला टेकवला. दिवा लागला. पुसलेल्या फरशीवर एक पाय ठेवला, दुसऱ्याचा अंगठा पायडलला नुसता लावला आणि मांडीपर्यंत सणक गेली. मग मी प्लग काढला, उलटा फिरवून परत लावला. टेस्टर विझला. पुन्हा फिरवला, पुन्हा लागला.

एवढंच होतं. दोन पिनांचा प्लग कसाही बसतो. मी लावायचो तेव्हा नेहमीच्या सवयीने वायर भिंतीकडे जाईल असाच लावायचो, आणि तसा लावला की लोखंडात वीज उतरत नसे. याकोबदादा हाताला येईल तसा लावायचे. आतला एक जुना कंडेन्सर गळत होता, आणि दाब कमी करणाऱ्या त्या डब्यात एकच गुंडाळी होती, म्हणजे भिंतीतली वीज आणि ऑर्गनचं लोखंड यांच्यामध्ये आडवं असं काही नव्हतंच. प्लग उलटा बसला की वीज त्या कंडेन्सरमधून लोखंडात उतरायची आणि बाईंच्या उजव्या पायातून शिरून डाव्या पायाने ओल्या फरशीत जायची. कंडेन्सर पुरता गेला असता तर मुंग्यांवर भागलं नसतं. बाई वाजवता वाजवता तिथेच संपल्या असत्या, आणि आम्ही सगळे म्हणालो असतो, वय झालं होतं.

मी पक्कड काढली आणि प्लग कापून खिशात टाकला. ज्या यंत्राचा भरवसा नाही त्याला प्लग ठेवायचा नाही, हा आमच्या खात्याचा नियम.

याकोबदादांचा चेहरा पडला होता. "म्हंजे इतके दिवस मीच बाईंना शॉक देत व्हतो?"

"नाही दादा. तुम्ही प्लग लावत होता. बघायला मी पाहिजे होतो."

बाई बाकावर बसल्या होत्या. शाल एका खांद्यावरून घसरली होती. त्यांनी दोन्ही पाय समोर धरले, बोटं हलवली, उघडझाप केली. "म्हणजे हे बरे आहेत," त्या म्हणाल्या. मला नाही, पायांनाच म्हणाल्यासारख्या. मग मान वर करून, "याकोब, चहा सांग. साखर घालून."

"किती घालू?"

"घाल रे. पाय बरे आहेत माझे."

मी माझा कप तसाच खाली ठेवला. मी म्हणालो, "बाई, मी तुम्हाला विचारायला हवं होतं."

"हो, हवं होतं," त्या म्हणाल्या. त्यांनी मला उगाच सोडून दिलं नाही, याचं मला आजही बरं वाटतं. "पण मीही तुला अडवायला हवं होतं. जन्मभर पोरींना सांगत आले, की उत्तर पटलं नाही तर शिक्षकालाही विचारा. आणि तुझ्या त्या डबीवर शून्य दिसलं की गप्प बसले." त्यानंतर महिनाभर मी भेटलो की तेच बोलत होतो. शेवटी त्या म्हणाल्या, "विलास, आता तुझी पट्टी अडकली."

ऑर्गन दुरुस्त करायला बरेच दिवस गेले. कंडेन्सर सगळे बदलले. नाशिकच्या द्वारका चौकाजवळच्या एका वाइंडिंगवाल्याकडून दोन वेगळ्या गुंडाळ्यांचा नवा ट्रान्सफॉर्मर करून घेतला. तीन पिनांचा प्लग लावला, गळती झाली तर आपोआप पडणारा स्विच लावला, आणि चर्चच्या मागे अर्थिंगचा खड्डा घेतला. त्यात तांब्याची पट्टी, कोळसा, मीठ. मीठ ओतायचं काम याकोबदादांनी कुणाला करू दिलं नाही. दर उन्हाळ्यात ते त्या खड्ड्यात कळशीने पाणी ओतायचे, तुळशीला घालावं तसं.

मला वाटलं होतं, आता बाई पुन्हा रविवारी बसतील. मी तसं बोलूनही दाखवलं.

"त्या पोराला उठवू? आत्ता कुठे त्याची भीड गेलीय. आणि मग ती शाल परत द्यावी लागेल," त्या म्हणाल्या. हे त्यांनी हसत म्हटलं, पण त्या हसण्यात काय होतं ते मला कळत होतं. घरी मुंग्या येतात का, एवढं मी एक आठवडा आधी विचारलं असतं तर शाल दिलीच गेली नसती.

मग असं ठरलं, की बुधवारी दुपारी त्या एकट्याच वाजवायच्या. माझी पहिली पाळी असली की मी सुटल्यावर त्र्यंबक रोडने थेट तिकडे जायचो. आधी टेस्टर लावायचो, बूट काढून पायडलला पाय लावून पाहायचो, मग त्या बसायच्या. दरवेळी मी विचारायचो, "काही लागतंय?" आणि त्या दरवेळी नीट थांबून, पाय टेकवून, मग सांगायच्या, "नाही." त्यांचा डावा पाय वेळेवर यायला लागला होता. रिकाम्या चर्चमध्ये कुठलीही पेटी चांगली वाजते असं त्याच म्हणाल्या होत्या, म्हणून मी मागच्या बाकावर बसून जमेल तसं गुणगुणायचो. त्या माझ्या बाजूने चालायच्या. पुढे सुनीलच त्यांच्याकडे पायांचं शिकायला येऊ लागला आणि नाताळला एक गीत बाईंनी वाजवायचं असा पायंडा पडला. वर्षाला एक गीत. दर रविवारच्या बदल्यात.

अशी बरीच वर्षं गेली. माझं लग्न झालं, मुलं झाली. बाई थकल्या तेव्हा त्यांची भाची अनिता त्यांना ओझरला आपल्याकडे घेऊन गेली. तिचा नवरा तिथे विमानांच्या कारखान्यात होता. मग बाईंना पक्षाघात झाला. डावी बाजू लुळी पडली, बोलणं जड झालं.

त्या गेल्या त्याच्या आधीच्या आठवड्यात मी भेटायला गेलो. हॉलमध्ये भाड्याने आणलेली लोखंडी कॉट होती. बाई इतक्या लहान झाल्या होत्या की आधी मला चादरच दिसली.

"काका, तुम्हीच समजवा," अनिता म्हणाली. ती दमलेली होती. तिने त्यांचं सगळं मनापासून केलं. "सकाळपासून एकच चाललंय, टाचेला टोचतंय, टाचेला टोचतंय. मी दोनदा चादर झटकली. काही नाहीये. डॉक्टर म्हणाले, या आजारात असे भास होतात."

मी कॉटशी खुर्ची ओढली.

"बाई, सारखं टोचतं का?"

त्यांनी मान हलवली. नाही.

"कुशीवर केल्यावर?"

नाही.

"पाठ उचलून बसवल्यावर?"

त्यांनी डोळे मिटले आणि उघडले.

"अनिता, यांना बसव जरा."

तिने कॉटचा हँडल फिरवला. पाठीकडची बाजू वर आली, आणि बाई अगदी हळूहळू, चार बोटं खाली सरकल्या. मी पायाकडची चादर उचलली. गादी कॉटपेक्षा आखूड होती. डावी टाच गादीच्या बाहेर जाऊन आडव्या दांडीवर आली होती, जिथे बोल्टचं डोकं वर निघालेलं होतं. टाचेवर लालभडक गोल उठला होता. चादर झटकताना अनिता त्यांना आडवं करायची, तेव्हा टाच पुन्हा गादीवर यायची.

"अगं बाई, खरंच टोचत होतं," अनिता म्हणाली आणि तिचे डोळे भरले.

"कळत नाही गं ते," मी म्हणालो. "मलाही कळलं नव्हतं."

तिने टॉवेल आणला. मी त्याची घडी करून दांडीवर बसवली आणि टाच उचलून धरली. बाई माझ्याकडे पाहत होत्या. ओठांची एकच बाजू हलत होती, त्यामुळे शब्द जुळवायला त्यांना वेळ लागला. मी घाई केली नाही.

"विचारायला लागलास," त्या म्हणाल्या.

अनिता मलम आणायला आत गेली. टाच टॉवेलवर ठेवायची होती, ती मी तशीच तळहातावर घेऊन बसलो. थंड होती, आणि तिला काही वजनच नव्हतं.

"आता लागतंय का?" मी विचारलं.

बाईंनी पूर्वीसारखाच नीट वेळ घेतला. मग मान हलवली. नाही.